सोमवारची मिस, रविवारच्या काकू

रविवारी सकाळी साडेनऊला केअरटेकर कुलूप काढून देतो आणि तीन तासांपुरता तो वर्ग आमचा होतो. आत शिरल्यावर पहिलं काम फोटो काढायचं. खुर्च्या कशा लावल्यात, टेबलं कुठे आहेत, फळ्याच्या कोपऱ्यात 'पुसू नका' म्हणून काय लिहून ठेवलंय, खिडकीतल्या वाटाण्याच्या रोपांचे कप कोणत्या क्रमाने आहेत, सगळं मोबाइलमध्ये. साडेबाराला निघताना तो फोटो समोर धरून वर्ग होता तसा लावायचा. आम्ही येऊन गेलो याची खूण सोमवारी राहता कामा नये. करारात असं कुठे लिहिलेलं नव्हतं, पण नऊ वर्षं आम्ही ते पाळलं. चोरही इतक्या नेटकेपणाने घर सोडत नसतील.

आमची मराठी शाळा लंडनच्या पश्चिमेला, हीथ्रोला उतरणाऱ्या विमानांच्या वाटेखाली भरते. दोन वर्ग, एकतीस मुलं, वयं पाच ते तेरा. शिकवणाऱ्या आम्ही चौघी. एक औषधांच्या दुकानात फार्मासिस्ट, दोघी सॉफ्टवेअरमधल्या, आणि मी हिशेब तपासणारी. चौघीही बायका, त्यामुळे आमच्याकडचे मुलगे सुरुवातीला हमखास 'मी आले, मी गेले' असं बोलतात. घरीही मराठी आईचीच कानावर पडते. एका बाबांना आम्ही महिनाभर नुसतं गप्पा मारायला बसवलं, तेव्हा दोघेतिघे 'मी आलो' म्हणायला लागले.

तर त्या नऊ वर्षांत एकदा खूण राहिली. ग्लूस्टिकची.

इंग्लंडमधल्या प्राथमिक शाळेत ग्लूस्टिकला काय मोल असतं ते इथे मूल शाळेत घातल्याशिवाय कळत नाही. वर्षाच्या सुरुवातीला शिक्षकांना मोजून मिळतात आणि त्या नाताळपर्यंत पुरवणं हे ज्याचं त्याचं कसब. आमच्या लहान गटाने आकाशकंदील करताना टेबलावरच्या सहा कांड्या वापरल्या आणि टोपणं न लावता ठेवल्या. सोमवारी सकाळी सहाही वाळून खडखडीत. दुपारपर्यंत ऑफिसमधून ईमेल आलं. त्यातला 'फेरविचार' हा शब्द वाचून माझ्या पोटात गोळा आला. दोन खोल्यांचं तीन तासांचं भाडं आम्ही कसंबसं जमवतो, पण दुसरी जागा त्या भाड्यात मिळणार नव्हती. मी अर्धा दिवस रजा टाकली, बारा ग्लूस्टिकचं खोकं घेतलं आणि साडेतीनला, मुलं सुटायच्या वेळी, फाटकाशी जाऊन उभी राहिले.

तो वर्ग इयर फोरचा, म्हणजे आठ-नऊ वर्षांच्या मुलांचा. तिथली मिस माझ्या मुलीच्या वयाची म्हणावी इतकी लहान. तिने खोकं घेतलं, मोजलंही (बारा आहेत ना, हे पाहणारी माणसं मला आवडतात), आणि विचारलं, 'रविवारी तुमच्याकडे येतात तरी कोण?' मी नावं सांगायला लागले, तर चार मुलं तिच्याच वर्गातली निघाली. त्यातल्या एकाची तर खुर्चीही तीच. सोमवारी बसतो तिथेच तो रविवारीही येऊन बसतो. दोन्हीकडे एकच मूल, एकच खुर्ची, आणि आम्हा दोघींना इतके दिवस पत्ता नाही.

त्या मुलाबद्दल ती म्हणाली, 'फार गप्प असतो. बोलायचा आत्मविश्वास कमी आहे.' मला वाटलं ती दुसऱ्या कुणाबद्दल बोलतेय. आमच्याकडे त्याला गप्प करण्यात एकीचा अर्धा वेळ जातो. गणपतीतल्या नाटुकल्यात त्याने स्वतःचे संवाद संपल्यावर दुसऱ्याचेही म्हणून टाकले होते. हे मी सांगितलं तेव्हा तिला वाटलं मी दुसऱ्या कुणाबद्दल बोलतेय.

'रोजची शाळा' आणि 'रविवारची शाळा' यांच्यामध्ये इथे एक जुनी भिंत आहे, आणि ती कुणा एका हेडटीचरने बांधलेली नाही. १९७५ मध्ये सरकारने नेमलेल्या बुलक समितीने सांगितलं होतं की शाळेचा उंबरा ओलांडताना मुलाने घरची भाषा आणि संस्कृती बाहेर टाकून यावी अशी अपेक्षा कुणी करू नये. दहा वर्षांनी, १९८५ मध्ये, सरकारच्याच स्वान समितीचा अहवाल आला. त्याने सूर बदलला. मातृभाषा टिकवणं हे त्या त्या समाजाचं काम, रोजच्या शाळांनी ते अंगावर घेऊ नये. मात्र त्यासाठी शाळांच्या इमारती मोफत वापरू द्याव्यात. पुढच्या चाळीस वर्षांत यातलं 'मोफत' तेवढं गळून पडलं, बाकीचं टिकलं. भाषा तुमची, जबाबदारी तुमची, खोली हवी असेल तर दर अमुक आणि खुर्च्या जागेवर ठेवा.

हे म्हणताना मला जरा थांबावंसंही वाटतं, कारण सुट्टीच्या दिवशी भरणाऱ्या या शाळांचा इतिहास आम्हा मराठी लोकांपेक्षा फार जुना आणि फार कडू आहे. पोलिश लोकांच्या शनिवारच्या शाळा दुसऱ्या महायुद्धानंतर इथेच राहिलेल्या निर्वासितांनी उभ्या केल्या. कॅरिबियन आईबापांनी साठ-सत्तरच्या दशकात शनिवारचे वर्ग काढले ते भाषेसाठी नव्हेच, तर गणित आणि इंग्रजीसाठी. रोजची शाळा त्यांच्या मुलांना मंदबुद्धी ठरवून वेगळ्या शाळांत धाडत होती. ग्रेनाडाहून आलेले शिक्षक बर्नार्ड कोर्ड यांनी १९७१ मध्ये एक पुस्तिका लिहून हे चव्हाट्यावर आणलं. आमच्यासारखे, कंपनीच्या व्हिसावर आलेले, मुलांच्या मार्कांबद्दल फाजील आश्वस्त असलेले लोक त्या मानाने फार उशिरा आणि फार आरामात आले. भागीदारीचं गोड गाणं गाणं आम्हाला सोपं आहे. ज्यांच्या शाळा अविश्वासातून जन्मल्या, त्यांना 'या, आपण मिळून करू' म्हणणाऱ्याकडे दोनदा पाहावंसं वाटलं तर त्यात त्यांचं काही चुकत नाही.

ग्लूस्टिकनंतरच्या तिसऱ्या रविवारी मिस आली. मागच्या बाकावर, आपल्याच वर्गात, पाहुणीसारखी बसली.

त्या दिवशी पाढे चालले होते. मुद्दाम ठेवलेले नव्हते, दर महिन्याला एक आजोबा येऊन घेतात. तीन एके तीन, तीन दुणे सहा, तीन त्रिक नऊ, तीन चोक बारा. मिस ताठ होऊन बसली. इंग्लंडात २०२२ पासून इयर फोरच्या प्रत्येक मुलाची जून महिन्यात पाढ्यांची परीक्षा होते. संगणकावर पंचवीस प्रश्न, प्रत्येकाला सहा सेकंद. तिच्या दृष्टीने हा वर्षाचा सगळ्यात मोठा घोर, आणि इथे तिचीच चार मुलं डुलत डुलत पाढे म्हणत होती. मधल्या सुट्टीत तिने आजोबांना गाठलं. मी दुभाषी. आजोबांनी सांगितलं की तुमचे पाढे बाराव्या घरापर्यंत जातात, आमचे प्रत्येकी दहापर्यंतच, पण आम्ही तीसपर्यंतचे पाढे पाठ करत असू. शिवाय पावकी, निमकी, पाउणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि औटकी. औट म्हणजे साडेतीन, हे मलाही सांगता आलं नसतं. साडेतीनचा पाढा! मिसने वहीत लिहून घेतलं. आजोबा त्या दिवसापासून दर महिन्याऐवजी दर आठवड्याला यायला लागले, तेही टाय लावून.

मग एकोणतीस निघालं. मी तिला फोड करून दाखवली: एक, ऊन म्हणजे उणे, आणि तीस. तिसात एक कमी. एकोणचाळीस, एकोणपन्नास, एकोणसाठ, सगळे तसेच. ती म्हणाली, 'म्हणजे तुमच्या मुलांना आकडा म्हणतानाच वजाबाकी ऐकू येते?' खरं सांगायचं तर आमच्या मुलांना काही ऐकू येत नव्हतं, कारण आम्ही ते कधी दाखवलंच नव्हतं. आम्ही घोकून घेत होतो. बालभारतीने २०१९ मध्ये दुसरीच्या पुस्तकात 'वीस एक, वीस दोन' असं वाचन आणलं तेव्हा आमच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर दोन दिवस रणकंदन झालं होतं. मराठी बुडाली इथपर्यंत. पण एकोणतीसमध्ये काय आहे हे मुलांना उलगडून सांगावं असं त्या रणकंदनात उतरलेल्या आम्हा कुणाला सुचलं नव्हतं. तिला सुचलं, कारण तिला मराठी येत नव्हती. पुढच्या रविवारी एका मुलीने विचारलं, 'मग नव्व्याण्णव का? एकोणशंभर का नाही?' याचं उत्तर आजोबांकडेही नव्हतं.

मिसने काही बाबी बोलूनही दाखवल्या, त्या लागल्या. मधल्या गटाची मुलं चाळीस मिनिटं बाराखडी उतरवत होती. तिने विचारलं, 'यातला कोणता शब्द ती बोलतात?' एकही नाही. क, का, कि, की हा शब्दच नव्हे. आम्ही चौघीही आपापल्या लहानपणीच्या शाळा, जशा आठवतात तशा, इथे परत भरवत होतो. गिरवा, उतरवा, पाठ म्हणा. आमच्या काळी ते चाललं कारण वर्गाबाहेर पाऊल टाकलं की मराठीच मराठी होती. इथे वर्गाबाहेर पाऊल टाकलं की पार्किंग. आता आम्ही आधी बोलतो, मग लिहितो. दोघांदोघांत बोलायला देणं, गोष्ट चित्रांच्या नकाशावर मांडून तोंडी सांगायला लावणं, हे तिच्या वर्गातले साधे प्रकार आमच्याकडे नवे होते. चाक आणि चार यांतला च वेगळा आहे हे फळ्यावर लिहून आजवर एकाही मुलाला कळलं नव्हतं. दुकानाचा खेळ मांडला तेव्हा पंधरा मिनिटांत कळलं.

आमच्याकडे जे वाळक्या ग्लूस्टिकमुळे झालं, ते पूर्व लंडनमधल्या टॉवर हॅम्लेट्समध्ये गोल्डस्मिथ्स कॉलेजच्या चार्मियन केनर आणि महेरा रूबी यांनी ठरवून करून पाहिलेलं आहे. तिथे बंगाली, सोमाली, रशियन शिकवणारे आणि रोजच्या प्राथमिक शाळांतले शिक्षक यांच्या जोड्या लावल्या. आधी एकमेकांचे वर्ग पाहायचे, मग एकाच विषयावरचे धडे मिळून आखायचे, आणि ते दोन्हीकडे आपापल्या परीने घ्यायचे. मी हे पुष्कळ नंतर वाचलं, आणि वाचताना सारखं वाटत राहिलं की क्रम महत्त्वाचा आहे. आधी बघायला जायचं. आम्ही आधी हेडटीचरना तीन पत्रं लिहिली होती, 'सहकार्याच्या संधी' वगैरे शब्द घालून. एकाचंही उत्तर आलं नाही, आणि मी हेडटीचर असते तर मीही दिलं नसतं.

मग माझी पाळी. सोमवारी तिच्या वर्गात जायचं म्हणजे आधी डीबीएस तपासणी (म्हणजे माझ्या नावावर गुन्हा नाही ना ते पाहणं), मुलांच्या सुरक्षिततेबद्दलचं प्रशिक्षण, गळ्यात पट्टा. रविवारी आम्ही हे सगळं पाळतोच, पण त्यांच्या फाइलीत ते पुन्हा झालं. पहिला प्रयत्न फसला. शाळेला मातृभाषा दिनाची असेंब्ली करायची होती. एकवीस फेब्रुवारी आपल्यासाठी सत्तावीसच्या जवळ म्हणून आम्ही खूश. पण तो दिवस १९५२ साली ढाक्यात बंगालीसाठी गोळ्या झेललेल्यांचा, हे असेंब्लीत कुणाच्याच बोलण्यात आलं नाही, माझ्याही नाही. पताका लागल्या, अकरा भाषांत 'हॅलो' झालं, मी नऊवारी नेसून उभी राहिले. इकडे अशा सोहळ्यांना टोमणा मारायला 'साड्या, सामोसे आणि स्टीलबँड' (कॅरिबियन वाद्यवृंद) असं म्हणतात. मी तर त्यातला पहिला 'स' अंगावर नेसूनच गेले होते. आणि मग कुणीतरी उत्साहाने आमच्या त्या गप्प मुलाला पुढे बोलावलं: 'तुझ्या भाषेत काहीतरी बोलून दाखव.' तो बुटाकडे बघत उभा राहिला. तीनशे मुलांसमोर 'काहीतरी' काय बोलणार? मलाही बोलता आलं नसतं.

दुसऱ्या वेळी साडी नाही, असेंब्ली नाही. विज्ञानाचा तास, झाडाचे भाग. मूळ, खोड, पान, फूल. गटागटाने आपापल्या घरच्या भाषेतले शब्द गोळा करायचे आणि कशाचा आणखी काय अर्थ होतो ते शोधायचं. इंग्लंडच्या शाळांमध्ये साधारण पाचांतल्या एका मुलाच्या घरी इंग्रजीखेरीज दुसरी भाषा असते, या वर्गात तर निम्म्यांहून जास्त. पंजाबी, पोलिश, सोमाली, तमिळ, उर्दू. आमच्या पठ्ठ्याने 'खोड' शब्दाला 'खोड मोडणे' आणि 'खोड्या' जोडून दिले. हा व्युत्पत्तीचा भाग कितपत बरोबर होता हे मी तपासायला गेले नाही. तो बोलत होता.

मग मिसने सहज विचारलं, 'आम्ही बागेत चाललोय' हे तुमच्याकडे कसं म्हणतात? अर्थात तिने इंग्रजीत विचारलं, आणि इंग्रजीत 'आम्ही' आणि 'आपण' एकच. तो अडला. म्हणाला, 'ते तुम्ही येताय का त्यावर आहे, मिस.' तिला कळेना. त्याने हाताने दाखवलं: तुम्ही येत असाल तर हा शब्द, नसाल तर तो. मग तमिळवाली मुलगी म्हणाली, 'आमच्याकडे पण तसंच!' आणि दोघं मिळून इतरांना समजवायला लागले. घंटा झाली तरी कुणी उठेना.

जमाखर्च मांडणं हा माझा धंदा आहे, म्हणून या गोष्टीची दुसरी बाजूही मांडते. दोन वर्षं हे चाललं ते एका माणसाच्या जिवावर. मिस आपले रविवार फुकट घालवत होती, मी रजा. शाळेच्या वेळापत्रकात, बजेटमध्ये, कुठल्याही कागदावर याला जागा नव्हती. कायद्याची अडचण आहे असंही नाही. सप्टेंबर २०१४ पासून इंग्लंडच्या अभ्यासक्रमात इयर थ्री ते सिक्सला एक परकी भाषा सक्तीची आहे, आणि ती कोणतीही चालते, जुनी वा आजची. म्हणजे नियमाप्रमाणे उद्या एखादी शाळा मराठी शिकवू शकते. प्रत्यक्षात बहुतेक ठिकाणी फ्रेंच, नाही तर स्पॅनिश. शिक्षक मिळतात, पुस्तकं आहेत, पुढच्या शाळेतही तीच असते. त्यांचंही बरोबर आहे.

पुढे जीसीएसईचा, म्हणजे सोळाव्या वर्षीच्या शालान्त परीक्षेचा, प्रश्न येतो, आणि तिथे आमच्यापेक्षा गुजराती, बंगाली, पंजाबीवाल्यांची कथा लांब आहे. २०१५ मध्ये परीक्षा मंडळांनी या भाषांच्या परीक्षा बंद करायचं जाहीर केलं. इतका आरडाओरडा झाला की २०१६ मध्ये त्या राहतील असं सरकारने सांगितलं. परीक्षा राहिली, पण ती द्यायची कुठे? आमच्या शेजारच्या गुजराती मुलीने सात वर्षं शनिवार घालवले, आणि तिच्या शाळेने 'तोंडी परीक्षा घ्यायला आमच्याकडे कुणी नाही' म्हणून तिचं नाव पाठवायला नकार दिला. तोंडी परीक्षा घेऊ शकणारी बाई शनिवारच्या शाळेत, दोन बसथांबे पलीकडे, बसलेली होती. दोन शाळांची भागीदारी म्हणजे काय असं मला कुणी विचारलं तर मी त्या दोन बसथांब्यांबद्दल सांगते. शेवटी तिला खासगी विद्यार्थिनी म्हणून दुसऱ्या गावात, वेगळी फी भरून बसावं लागलं.

मराठीला जीसीएसईच नाही. लंडनचं महाराष्ट्र मंडळ १९३२ पासूनचं, २०२४ मध्ये अभिजात दर्जाचे पेढेही वाटून झाले, पण इथल्या शाळेच्या दाखल्यावर मराठी लिहायला रकाना नाही. पालकसभेत दर वर्षी कुणीतरी विचारतं, 'मग याचा उपयोग काय?' पूर्वी मी आजी-आजोबांवर भाषण द्यायचे. आता त्या मिसने लिहिलेला वार्षिक अहवाल दाखवते, अर्थात त्या मुलाच्या आईची परवानगी घेऊन. त्यात भाषेच्या रकान्यात तिने एक वाक्य जास्तीचं घातलंय: हा मुलगा रविवारी मराठी शाळेत मोठ्या गटाला गोष्टी सांगतो, आणि ते मी पाहिलं आहे.

गेल्या जुलैत मिस उत्तरेकडे, आपल्या गावी गेली. जाताना आम्हाला वर्गातलं एक कपाट मिळवून देऊन गेली. कुलूप आमचं. त्यात पाटीएवढे छोटे पांढरे फळे, आकाशकंदिलाचे कागद आणि आमच्या ग्लूस्टिक. भिंतीवरचा अर्धा बोर्डही ठेवून गेली, पण सप्टेंबरमध्ये आलो तेव्हा त्यावर ज्वालामुखी लागले होते. नव्या सरांना बोर्डाबद्दल कुणी सांगितलं नसावं. आजोबा हिरमुसले. औटकीचा तक्ता त्यांनी स्वतःच्या अक्षरात लिहिलेला होता, तो कपाटात गुंडाळून ठेवलेला सापडला.

परवा फळ्यावर चिठ्ठी होती: 'रविवारच्या वर्गाने कृपया खिडकीतल्या कुंड्यांना हात लावू नये.' हात आम्हीच लावला होता. लहान गटाने पाणी घातलं, जरा जास्तच घातलं. मी ऑफिसला ईमेल केलंय, नव्या सरांनी सोमवारी साडेतीनची वेळ दिली आहे. वाटाण्याचं बी कुठे मिळतं ते बघायला हवं.